हातचा एक नेमका कुठे असतो?

हिशोबनीस

परवा रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीवांचा गृहपाठ चालला होता. इयत्ता दुसरी. ४७ अधिक ३८. "सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक" इथवर गाडी आली आणि थांबली. "बाबा, हातचा म्हणजे कोणाच्या हातातला?" मी म्हटलं, अरे, तशी म्हणायची पद्धत आहे. त्याने डावी मूठ उघडून बघितली, मलाही दाखवली. रिकामी. मग चारच्या डोक्यावर बारीकसा एक काढला आणि पुढच्या गणिताला लागला.

तो लागला, मी तिथेच अडकलो.

आमच्या अण्णांचं (आजोबा) तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक यादी सांगत जायचं, अण्णा पुड्या बांधत जायचे, आणि शेवटच्या पुडीचा दोरा तोडेपर्यंत आकडा तयार. सोळाच्या भावाने पाऊण किलो शेंगदाणे म्हटलं की ओठातल्या ओठात "पाऊण सोळा बारा". पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं मुखोद्गत. (औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. आता हे सांगावं लागतं.) पण तोंड चालू असताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. चार बोटं, तीन-तीन पेरं, बारा. आणि हातचा आला की डाव्या हाताची करंगळी दुमडायची. हातचा खरोखरच हातात असायचा.

एका पावसाळ्यात अण्णा न्हाणीत घसरले, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, बोटं अर्धी आत. तरी दुकानात बसायचे. त्या सहा आठवड्यांत त्यांचा हिशोब चुकायला लागला. कधी दहाचा फरक, कधी एखादी पुडीच विसरलेली. घरात कुजबुज सुरू झाली, अण्णांचं वय झालं, आता गल्ल्यावर दुसऱ्या कोणीतरी बसायला हवं. प्लास्टर निघालं, आठ-दहा दिवस बोटं आखडलेली होती, ती सुटली आणि हिशोब पुन्हा चोख. मोडलं होतं मनगट आणि घरच्यांना वाटत होतं डोकं.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये "विस्तारलेलं मन" नावाचा एक छोटासा निबंध लिहिला. त्यातला ऑटो नावाचा काल्पनिक माणूस प्रसिद्ध आहे. त्याला अल्झायमर आहे, म्हणून नवीन काही कळलं की तो वहीत लिहितो. न्यूयॉर्कचं संग्रहालय ५३व्या रस्त्यावर आहे हे इंगा नावाची बाई डोक्यातून आठवते, ऑटो वहीतून. दोघंही चालत तिथेच पोचतात. लेखकांचं म्हणणं असं की ऑटोची वही ही त्याच्या मनाला मदत करणारी वस्तू नाही, ती त्याच्या मनाचाच भाग आहे. कामाच्या दृष्टीने बघितलं तर कवटीच्या आत-बाहेर हा भेद निव्वळ पत्त्याचा.

मला हे आधी ओढूनताणून वाटायचं. अण्णांचं प्लास्टर आठवल्यावर वाटेनासं झालं. आणि आपली भाषा तर हे आधीपासून बोलतेच आहे. "मनाशी खूणगाठ बांधली" म्हणतो आपण. ही गाठ मुळात पदराला किंवा उपरण्याला मारायची असते. बाजारातून हळद आणायची आठवण राहावी म्हणून बांधलेली गाठ कधीतरी मनात जाऊन बसली.

तुमच्याकडे असे हात, गाठी, वह्या आहेत का? लिहा.

---

रानवारा

मस्त धागा. वाखु (वाचनखूण) साठवली. ("साठवली" कुठे, ते आता विचारू नका.)

---

तिरकस तात्या

हिशोबनीस, लिहिलंय झकास, पण पुरावा कच्चा आहे. मनगट मोडलं की ठणका असतो, गोळ्यांची गुंगी असते, रात्रीची झोप नसते. त्यात कोणाचाही हिशोब चुकेल. बोटांना एवढं श्रेय कशाला?

आणि "मदत करते" वरून "भाग आहे" वर एवढी उडी कशी मारलीत? चष्म्याने दिसतं म्हणून चष्मा डोळा होत नाही. क्लार्क-चाल्मर्स मंडळींचे टीकाकार, अ‍ॅडम्स आणि आयझावा, यांचा एक विनोद आहे. पेन्सिलीला दोन अधिक दोन चार असं का वाटलं? कारण ती गणितज्ञाला जोडलेली होती!

शेवटचा प्रश्न. वही जर मन असेल, तर परीक्षेत पर्यवेक्षकाने चिठ्ठी पकडली की विद्यार्थ्याचा मेंदू जप्त केला म्हणायचं का?

(लिहिण्याने स्मरणशक्ती जाते म्हणणाऱ्या सॉक्रेटिसला कोणी आणू नका. प्रत्येक धाग्यावर हजेरी लावून दमलाय बिचारा.)

---

अबॅकसताई

तात्या, गोळ्या न घेतलेली मुलं मी रोज बघते. चौदा वर्षं अबॅकसचे वर्ग घेतेय. सुरुवातीला खरी पाटी असते, मणी सरकवायचे. वर्षभराने पाटी काढून घेतो आणि मुलं हवेत बोटं हलवून बेरजा करतात. मणी नाहीत, पाटी नाही, पण बोटं बरोबर त्या-त्या दांडीवर जातात. गंमत म्हणून मुलांना हात मांडीखाली घालून बसायला सांगते. चांगली पटाईत मुलंसुद्धा रेंगाळतात. एक मुलगी खांदे उडवायला लागली, बोटांच्या ऐवजी!

मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या अशाच मुलांवर अभ्यास केला होता, २०१२ मध्ये तो छापून आला. त्यांचा निष्कर्ष असा की ही मुलं आकडे शब्दांत धरत नाहीत, पाटीचं चित्र धरतात. आपल्याला कोणी सतत बोलायला लावलं तर बेरीज कोलमडते, कारण आपण मनातल्या मनात बोलून हिशोब करतो. ही मुलं त्यात तुलनेने तरतात. पण चित्रालाही मर्यादा आहे, एका वेळी तीन-चार दांड्या, त्यापुढे धूसर.

बाहेरचं हत्यार आत गेलं, पण हात सुटला नाही. तुमच्या अण्णांचंही हेच.

अवांतर: सगळ्या पालकांनी मुलांना अबॅकसला घालावं असं मी म्हणत नाहीये. (म्हणायला हवं खरं, धंदा आहे माझा.)

---

पांढरी काठी

तात्यांच्या चष्म्याबद्दल थोडं. मी जन्मांध आहे. काठी वापरायला लागून तीस वर्षं झाली.

काठी मुठीत असते, पण मला ती मुठीत जाणवत नाही. मला टोकाशी रस्ता जाणवतो. डांबर, पेव्हर ब्लॉक, ओली माती, गटाराची जाळी, हे सगळं तिथे, दोन पावलं पुढे. मुठीत काय होतंय याकडे लक्ष गेलं की समजायचं, काठी नवीन आहे किंवा टोक झिजलंय. नवीन काठी घेतली की पहिले काही दिवस ती वस्तू असते. एके दिवशी नसते. तो दिवस नेमका कोणता हे कधीच सांगता येत नाही.

बसमध्ये एका भल्या माणसाने न विचारता माझी काठी उचलून रॅकवर ठेवली. हेतू चांगलाच होता. पण मला जे झालं ते "माझी वस्तू घेतली" असं नव्हतं. कोणी आपला हात धरून बाजूला नेऊन ठेवल्यासारखं झालं. पुढची दहा मिनिटं मला माझी बसायची जागा किती मोठी आहे तेही नीट कळत नव्हतं.

ब्रेलचंही तसंच. लोक विचारतात, सहा टिंबं बोटाला कशी कळतात? मला टिंबं कळत नाहीत हो, मला शब्द कळतो. तुम्ही तरी कुठे काना-मात्रा बघत वाचता?

---

चिकित्सक

पांढरी काठी, "नवीन काठी एके दिवशी वस्तू राहत नाही" याला प्रयोगशाळेतला जोड आहे. जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्याने लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं (१९९६). मेंदूत अशा पेशी असतात की हाताला स्पर्श झाला किंवा हाताजवळ काही दिसलं की त्या जाग्या होतात. दाताळं वापरून झाल्यावर या पेशी दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेसाठी जाग्या व्हायला लागल्या. नुसतं दाताळं हातात धरून बसलेल्या माकडात तसं होत नव्हतं. वापरावं लागतं.

आणि तात्या, "मदत" आणि "विचार" वेगळे करणं तितकं सोपं नाही. टेट्रिस खेळलाय ना? वरून तुकडा पडतो, फिरवून खाचेत बसवायचा. डेव्हिड कर्श आणि पॉल माग्लिओ यांनी १९९४ मध्ये मोजलं. तुकडा मनातल्या मनात काटकोनात फिरवून बघायला साधारण एक सेकंद लागतो. बटण दाबून पडद्यावरच फिरवला तर बटणाचा वेळ धरून ३०० मिलिसेकंद. म्हणून खेळाडू तो आधी मनात फिरवत बसतच नाहीत. कुठे बसेल हे कळावं म्हणून बोटांनी फिरवतात. ते बटण दाबणं म्हणजे विचारानंतरची कृती नाही, तो विचारच चाललाय.

---

बेळगावची मैना

धाग्याच्या शीर्षकात हात आहे, पण मला तोंडाबद्दल बोलायचंय.

माझी भाचरं कन्नड माध्यमात शिकतात, घरी मराठी. कन्नडमध्ये २५ म्हणजे "इप्पत्तैदु", वीस-पाच. बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच. मराठीत "पंचवीस", म्हणजे पाच आधी, वीस नंतर, पण लिहायचे दोन आधी. आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी! बिचारं पोर तिसापर्यंत गेलेलंच नसतं आणि त्याला तिथून एक पाऊल मागे यायला सांगतात. धाकटा कन्नडमध्ये फोन नंबर घेतो तेव्हा बरोबर, मराठीत सांगितला की ५२ चे २५.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतंय? मंगला नारळीकर गणिताच्या समितीवर होत्या. जोडाक्षरांमुळे मुलांना गणिताची भीती बसते आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, हेच त्या सांगत होत्या. तरी भाषा बुडाली म्हणून ओरड झाली. विधानसभेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या (फडणवीस) आडनावातल्या "वीस" वरूनही टोला झाला. टोला झकास होता, मीही हसले. पण मुद्दा बाजूलाच राहिला, की संख्येचा शब्द हे हत्यार आहे आणि त्याची मूठ उलटी बसवलेली असेल तर लहान हाताला ते जड जातं.

---

श्टुटगार्टची मावशी

मैना, इकडे ये, जर्मनही आपल्याच पंथातले. २५ म्हणजे "फुन्फउंडत्स्वान्त्सिश", पाच-आणि-वीस. इथले लोक दोन आकडी संख्या लिहिताना कधीकधी आधी एकक लिहितात, डावीकडे जागा सोडून, मग दशक भरतात. मी ते पहिल्यांदा बँकेच्या खिडकीशी बघितलं आणि एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

पण वीस-पाचच्या बाजूने मी नाही. आपल्या जोडाक्षरी आकड्यांचा एक फायदा कोणी बोलत नाही. "एकाहत्तर" आणि "बाहत्तर" यांना स्वतःचा चेहरा आहे. पाढे त्याच्यावरच तरतात. "सतरा नव्वे त्रेपन्नासे" हे मी आज पन्नाशीत, जर्मन ऑफिसात, एक्सेल समोर उघडं असताना मनात म्हणते. एकशे त्रेपन्न असं म्हणून बघा, ठेका मोडतो. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक… हे शब्द पाढ्याबाहेर कुठे भेटतात? फक्त तोंडाने धरायला केलेले खास दांडे आहेत ते. मला १७ गुणिले ९ येत नाही, मला ती ओळ येते. ओळ म्हटली की उत्तर शेवटी हजर.

---

जुन्नरी

मावशींना अनुमोदन. लिहायच्या खुणांबद्दल दोन शब्द, कारण आमच्या उशाशी नाणेघाट आहे.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मीत. यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे, इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण (तेव्हाची नाणी). आकडे आकड्यांतच लिहिलेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. पण शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, चार हजार म्हणजे हजाराच्या खुणेला चाराची जोडलेली. शून्य नाही, एकं-दहं-शतं अशी घरं नाहीत. पावसाळ्यात ट्रेकला गेलो होतो तेव्हा मित्राला म्हटलं, यात गुणाकार करून दाखव. जमतच नाही. लिहून ठेवता येतं, लिहून *करता* येत नाही. हातचा एक द्यायचा तर शेजारी घर हवं ना!

घरं आणि शून्य आलं तेव्हा दुसरीतल्या पोराला कागदावर गुणाकार जमायला लागला. पोरांच्या मेंदूत त्या काळात काही फरक पडला नसावा.

(दाराशीच तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे म्हणतात. पोरं आता चिप्सची पाकिटं टाकतात.)

---

तिरकस तात्या

बरं, माकडं आणि मणी मान्य. पण मग मोबाइलचं काय? मला एकेकाळी चाळीस फोन नंबर पाठ होते. आता बायकोचाही नाही. पुण्यात जन्म गेला आणि गूगल मॅप्सशिवाय कर्वेनगरातून बाहेर पडता येत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसच्या भोवतालचे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि रस्ते सांभाळतो तो) मागचा भाग मोठा आढळला, हे २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं. म्हणजे डोक्यात ठेवलं की डोकं वाढतं. माझं "विस्तारलेलं मन" बॅटरी संपली की आक्रसतं. याला विस्तार म्हणायचं?

आणि माझ्या चिठ्ठीचं उत्तर कोणी दिलेलं नाही. नोंद घेतली आहे.

---

हिशोबनीस

तात्या, चिठ्ठीचं उत्तर. क्लार्क-चाल्मर्स यांनी वहीला अटी घातल्या होत्या. ती कायम जवळ हवी, पटकन हाताशी हवी, तिच्यातलं वाचल्यावर शंका न घेता पटायला हवं, आणि ते आपण कधीतरी स्वतः समजून-पटवून घेतलेलं हवं. (ही चौथी अट त्यांनाच जरा डळमळीत वाटत होती.) मित्राकडून घेतलेली, मोज्यात लपवलेली, घामाने पुसट झालेली चिठ्ठी यातल्या किती अटींत बसते? पर्यवेक्षकाने मेंदू जप्त केलेला नाही, उसना मेंदू परत केला. पण वर्षभर स्वतःच्या हाताने काढलेली सूत्रांची वही काढून घेऊन परीक्षा घेतात, तिथे मला तुमचा प्रश्न खरंच बोचतो.

फोनबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत. अण्णांची करंगळी कोणी अपडेट करत नव्हतं आणि तिच्यावर जाहिराती येत नव्हत्या. मॅप्स हे ऑटोच्या वहीपेक्षा शेजारच्या सर्वज्ञ काकांसारखं जास्त आहे. सांगतात ते बरोबर, पण ते आपल्यात मुरत नाही. डबेवाल्यांच्या डब्याचं झाकण बघा. मधोमध मोठा आकडा, तो उतरायच्या ठिकाणाचा. कडेला पोचवणाऱ्याचा आकडा, इमारतीची अक्षरं, मजला. संबंध पत्ता कुठेच नाही. अर्धं झाकणावर, अर्धं माणसात, आणि दोन्ही मिळून डबा पोचतो. यात माणूस रिकामा होत नाही.

---

माजघर

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आईला विसरायला होतं. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते ऑटोच्या आजाराचंच. तरी गावच्या घरात ती एकटीने चहा करायची, दिवा लावायची, दुधाचा हिशोब कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवायची. मागच्या दिवाळीनंतर आम्ही तिला इकडे फ्लॅटवर आणलं. तिच्या काळजीनेच आणलं. आठवड्यात तिला चहा करता येईना. गॅससमोर उभी राहायची, हात वर जायचा, हवेत थांबायचा, खाली यायचा. मला वाटलं, आजार एकदम वाढला. डॉक्टरही म्हणाले, असं होतं.

अण्णांच्या प्लास्टरचं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. तिचा तो वर जाणारा हात कुठे जात होता ते मला तेव्हा कळलं. गावी ओट्याच्या वर मांडणी आहे. पितळी डब्यांची, तिच्या सासूबाईंच्या सासूच्या वेळची. हात तिकडे जात होता. इथे त्या जागी धूर ओढणारी चिमणी आहे.

म्हणजे आजार होताच. पण निम्मी आई आम्ही तिकडेच ठेवून आलो होतो आणि उरलेल्या निम्मीला म्हणत होतो, आठवत कसं नाही तुला.

---

पांढरी काठी

माजघर, मांडणी इकडे आणता येईल का? सगळी नको. जिथे हात जातो तेवढीच.

---

अबॅकसताई

आणि डबे त्याच क्रमाने. कोणी पुसायला म्हणूनसुद्धा हलवायचे नाहीत.

---

तिरकस तात्या

माजघर, मी वर जे जे लिहिलं ते सध्या बाजूला ठेवा. गावाहून टेम्पो लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओळखीचा आहे.

---

माजघर

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, क्षमस्व. मांडणी आली. (तात्या, टेम्पोवाला देवमाणूस.) चिमणी काढली, फोडणीचा धूर घरभर होतो, होऊ दे. डबे मी गावाहून निघायच्या आधी फोटो काढून इथे तसेच लावले.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते, ती मागून आली, मला कोपराने बाजूला केलं आणि न बघता हात वर नेला. दुसरी फळी, डावीकडून तिसरा. चहाचा डबा. झाकण उघडून वासही घेतला, गावी घ्यायची तसा.

साखर मात्र सापडली नाही तिला. तो डबा वाटेत चेपला होता म्हणून मी नवीन स्टीलचा ठेवला होता. आज तांबटाकडे देऊन आलेय, शुक्रवारी मिळेल म्हणालाय.